गडांचा हौशी छायाचित्रकार : गोनीदा

पुणे-मुंबई लोहमार्गावर देहूरोड मागे पडले की डाव्या हाताला डोंगरांच्या रांगा जवळ येऊ लागतात आणि थोड्याच वेळात तळेगाव दाभाडे येते. सरसेनापती दाभाड्यांचे हे गाव. लोकमान्यांच्या काळात, १९०८ साली, पैसा पैसा वर्गणी गोळा करून येथे काच कारखाना उभा राहिला, त्याचेही गावाला भूषण. पुढे हवापालटासाठी येणाऱ्यांचे आणि सेवानिवृत्तांचे निवांत गाव अशी त्याची ओळख झाली. एका बाजूला पिंपरी-चिंचवडचे कारखाने, दुसऱ्या बाजूला चाकणचा औद्योगिक पट्टा आणि मध्ये वाहणारी इंद्रायणी, असा आजचा नकाशा. या गावात गोपाळ नीलकंठ दांडेकर नावाचे एक गृहस्थ अनेक वर्षे राहत होते. महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणून ओळखतो, जवळची माणसे आप्पा म्हणत. कादंबरीकार, कीर्तनाच्या वळणाचे वक्ते, संतचरित्रकार आणि दुर्गप्रेमी ही त्यांची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. खांद्याला कॅमेरा अडकवून सह्याद्रीच्या धारेवरून चालणारे हौशी छायाचित्रकार गोनीदा मात्र त्या मानाने कमी जणांना ठाऊक आहेत. त्यांनी टिपलेली गडांची छायाचित्रे ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या पुस्तकात एकत्र आली आहेत. त्यांच्या कादंबऱ्या वाचून गडांच्या वाटेला लागलेल्यांनी ती जरूर पाहावीत.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. घराण्याचे मूळ कोकणातील गुडघे या गावी, वाढ मात्र वऱ्हाडात. त्यामुळे दोन प्रांतांच्या दोन बोली लहानपणीच त्यांच्या कानात शिरल्या. सातवीत असताना, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले आणि औपचारिक शिक्षण तेथेच संपले. पुढची कित्येक वर्षे हा मुलगा रस्त्यावर होता. गाडगे महाराजांचा सहवास त्याला लाभला, त्यांच्याबरोबर तो गावोगाव हिंडला. मधुकरी मागून तो जेवला, धर्मशाळांत निजला, नर्मदेच्या काठाने चालला. वेदान्ताचा अभ्यास त्याने गुरूंच्या पायाशी बसून केला. औंधला पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळात त्याने काम केले. या साऱ्या भटकंतीतून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि ‘स्मरणगाथा’ ही पुस्तके जन्माला आली. ‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्याने सातवीनंतर शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याला पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली आणि १९८१ साली अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले.

ही वाटचाल येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. अंगावरच्या वस्त्रांखेरीज काही जवळ न बाळगण्याची शिकवण ज्याने कोवळ्या वयात गाडगेबाबांकडून घेतली, तो माणूस पुढे संसारात स्थिरावल्यावर जिवापाड जपत राहिला ते काय, हा प्रश्न मनात येतो. गोनीदा स्वभावाने शौकीन होते. त्यांचे छंद अनेक होते आणि प्रत्येक छंदात ते मनापासून रमत. कॅमेरा हा त्यांपैकीच एक. संन्याशाच्या झोळीत मावणार नाही अशी ही वस्तू, पण त्या वस्तूने जमवलेला ऐवज मात्र संन्याशालाच शोभेल असा होता. पडके बुरूज, कोरडी टाकी, पायऱ्यांची झीज, दिंडी दरवाजाच्या उंबऱ्यावरचे गवत. ज्यांची मालकी कोणी सांगत नव्हते आणि ज्यांच्याकडे फारसे कोणी पाहतही नव्हते, अशा गोष्टींचा हा संग्रह होता.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास गोनीदांनी केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. मराठीत आजही हे धाडसाचे मानले जाते, त्या काळी तर ते अविचाराचेच होते. कुमारांसाठी गोष्टी, संतांची चरित्रे, पौराणिक कथा, ऐतिहासिक कादंबऱ्या असे सर्व काही त्यांनी लिहिले. त्यातून ‘शितू’, ‘पडघवली’, ‘पवनाकाठचा धोंडी’, ‘माचीवरला बुधा’, ‘जैत रे जैत’, ‘मृण्मयी’ अशी एकापेक्षा एक सरस पुस्तके निघाली. प्रत्येक पुस्तकाची भूमी वेगळी आणि बोलीही वेगळी. कोकणातली ‘पडघवली’ वाचताना जो लेखक दापोलीकडचा वाटतो, तोच ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये अस्सल वऱ्हाडी होतो आणि ‘पवनाकाठचा धोंडी’त मावळ्यांसारखा बोलतो. कानाने टिपण्याची ही ताकद असामान्य होती. डोळ्याने टिपण्यासाठी मात्र त्यांनी शब्दांच्या जोडीला काच आणि फिल्म घेतली, हे लक्षात घेतले पाहिजे.

महाराष्ट्रात छायाचित्रणाची हौस नवी नव्हती. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील एक नामवंत. परंतु सर्वसामान्य मराठी घरात फोटो म्हणजे स्टुडिओतला फोटो, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. लग्न झाले की जोडीने, मूल झाले की मांडीवर घेऊन, म्हातारपण आले की एकट्याने, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. स्वतःचा कॅमेरा बाळगणारा माणूस आळीत एखादाच. असा माणूसही सहलीला गेला तर धबधब्यापुढे मंडळींना ओळीने उभे करी आणि चापाचा खटका दाबी. ज्या दृश्यात घरचे कोणी नाही, त्यावर फिल्म खर्च करणे ही चैन समजली जाई.

फिल्म खरोखरच मोजून वापरावी लागे. मोठ्या चौकोनी चित्रांच्या रोलमध्ये बारा छायाचित्रे बसत, छोट्या फिल्मच्या रोलमध्ये छत्तीस. गडावर दोन मुक्काम करायचे, तर शिधा, घोंगडी, पाण्याचे भांडे आणि कंदील यांच्या जोडीला किती रोल न्यायचे याचाही हिशेब आधी करावा लागे. काढलेले चित्र कसे आले, हे गावी परतून रोल धुऊन आल्याशिवाय कळत नसे. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरे. उन्हाळ्यात हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर, त्यामुळे समोरचा डोंगर नुसता निळसर डाग होऊन बसे. सह्याद्रीचा काळा पाषाण प्रकाश गिळून टाकतो आणि वरचे आकाश पांढरेफटक राहते. कड्याचा तपशील धरावा तर आकाश जळते आणि आकाश सांभाळावे तर कडा काळाठिक्कर पडतो. यातून मार्ग एकच. दिवाळीनंतरची स्वच्छ हवा गाठायची आणि सकाळची किंवा कलत्या दुपारची तिरपी उन्हे येईपर्यंत दगडावर बसून राहायचे. बसून राहण्याची सवय गोनीदांना नर्मदेच्या काठापासूनच होती.

गडाचे छायाचित्र काढण्यात आणखी एक गोम आहे, जी चालणाऱ्यालाच कळते. गडावर उभे राहून गड दिसत नाही. दिसतात ती पायाखालची जोती, एखादा बुरूज, फार तर तटाची एक बाजू. गडाचा खरा आकार पाहायचा तर शेजारचा डोंगर चढावा लागतो. तुंगचा सुळका उमगतो तो तिकोन्यावरून. लोहगडाच्या विंचूकाट्याची नांगी विसापूरच्या बाजूने नजरेत भरते. राजमाचीच्या श्रीवर्धनचा थाट पाहण्यासाठी मनरंजनवर जावे लागते. म्हणजे एका चांगल्या चित्रासाठी दोन गड चढायचे. गोनीदांनी एकेका गडावर पुन्हा पुन्हा चकरा मारल्या. राजगड आणि रायगड यांवर तर त्यांचा विशेष जीव होता, तेथे त्यांचे जाणे-येणे माहेरासारखे होते. ‘दुर्गदर्शन’, ‘किल्ले’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तके या पायपिटीची फळे. त्यांत इतिहास आहे, पण त्याहून अधिक आहे ती वाट. कोणत्या वळणावर सावली मिळते, कोणत्या टाक्यातले पाणी पिता येते, कोणत्या वाडीत रात्री भाकरी मिळते, हे सांगणारा लेखक तेथे स्वतः तहानलेला आणि भुकेला पोचलेला आहे, याची खूण वाचकाला पटते.

व्यावसायिक छायाचित्रकाराला गिऱ्हाइकाचे समाधान करायचे असते. पुरातत्त्व खात्याच्या छायाचित्रकाराला मोजमाप हवे असते. हौशी माणसाला यापैकी कशाचेच बंधन नसते आणि म्हणून त्याच्या हातून नको ते काढले जाते, हवे ते राहून जाते, असा त्याच्यावर आक्षेप घेतला जातो. तो काही अंशी खराही आहे. पण गोनीदांच्या बाबतीत या मोकळेपणाचा लाभच झाला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर तो गड आवडला म्हणून तो टिपला गेला. कोणत्या ऋतूत गड कसा दिसतो, कोणत्या बाजूने तो रुबाबदार आणि कोणत्या बाजूने केविलवाणा, हे पाहणाऱ्याला मनोमन माहीत होते. मनुष्याचे छायाचित्र काढावे तशी ही गडांची छायाचित्रे आहेत, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

गोनीदांचे तळेगावातील घर आणि त्यांच्या कथांची भूमी यांतील अंतर अगदी थोडे होते. इंद्रायणीच्या काठाने खाली गेले की देहू आणि पुढे आळंदी. देहूच्या तुकोबांवर त्यांनी ‘तुका आकाशाएवढा’ लिहिले, आळंदीच्या ज्ञानदेवांवर ‘मोगरा फुलला’. तुकोबा ज्या भंडाऱ्यावर एकांतासाठी बसत, तो डोंगर तळेगावपासून हाकेच्या अंतरावर. दुसरा भामचंद्र चाकणकडे. पूर्वेला चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो छपन्न दिवस लढवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. पश्चिमेला पवनेचे खोरे आणि त्याभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांचे कडे. मळवली किंवा कामशेतला गाडीतून उतरायचे आणि पायी निघायचे, एवढाच प्रवास. जगाच्या पाठीवर हिंडलेल्या या माणसाने मुक्कामासाठी तळेगाव का निवडले असावे, याचे उत्तर नकाशाच देतो.

‘पवनाकाठचा धोंडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तुंगच्या पायथ्याच्या मावळातील एका मानी, रांगड्या घराची ही कथा. पूर्वजांनी गड राखला, गडाचा मान अजून घराकडे आहे आणि खाली भाताची खाचरे आहेत, असे ते जग. तिच्यावर १९६६ साली चित्रपट निघाला. तीन वर्षांनी आलेल्या ‘माचीवरला बुधा’मध्ये मुंबईची नोकरी सोडून राजमाचीच्या माचीवर झाडे, पाखरे आणि कुत्रा यांच्या सोबतीने राहायला परतणारा म्हातारा आहे. कर्नाळ्याच्या सुळक्याभोवतीच्या ठाकरांची ‘जैत रे जैत’ १९६५ची. जब्बार पटेलांनी १९७७ साली तिच्यावर काढलेला चित्रपट, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांमुळे ती अक्षरशः घरोघर पोचली. या तिन्ही कथांत डोंगर हा पडदा नाही. तो माणसांच्या जगण्यात हात घालतो. कधी देतो, कधी हिरावून नेतो.

गोनीदा हे लिहीत असतानाच पायथ्याचे जग बदलू लागले होते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, टेल्को आली, आकुर्डीला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. पाळीचा भोंगा वाजू लागला आणि मावळातील तरुण सायकलवरून, मग लोकलने कारखान्यात जाऊ लागले. या शहराला पाणी हवे होते. पवना नदीवर धरण बांधण्यात आले आणि १९७२ साली ते पूर्ण झाले. तुंग आणि तिकोना यांच्या मधले खोरे पाण्याखाली गेले. धोंडीच्या कथेतील खाचरे, पायवाटा आणि वाड्या जेथे होत्या, तो प्रदेश एका मोठ्या निळ्या जलाशयाने झाकला. आज तुंगवरून जे दृश्य पाहून पर्यटक हरखतात, ते त्या कादंबरीत नाही. असणे शक्यच नव्हते.

येथे गोनीदांच्या आयुष्यातील एक पेच समोर येतो. धरणांना विरोध करणारा हा लेखक नव्हता. भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवर त्यांनी ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही भली मोठी कादंबरी लिहिली होती आणि तिच्या नावातच कौतुक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात जी पिढी नव्या भारताच्या उभारणीकडे भक्तिभावाने पाहत होती, तिच्यातले ते एक होते. पंजाबातील धरणाचे गुणगान गाणाऱ्या लेखकाच्या अगदी अंगणात धरण आले आणि त्याच्याच कथेची भूमी बुडाली, हा दैवाचा खेळ मोठा विलक्षण. दोन्हींत विसंगती शोधणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. पाणी कोणाला तरी हवेच होते. प्रश्न एवढाच, की ज्यांचे बुडाले त्यांची आठवण कोणी ठेवायची? कादंबरीने ती ठेवली.

हा प्रश्न जुना झाला म्हणून मिटला नाही. पवनेचे पाणी बंद वाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. त्यांत एक महिला होती. त्या घटनेच्या बातम्यांत आकडे होते, आरोप होते, चौकशीची मागणी होती. त्या खोऱ्यात पूर्वी काय होते, हे सांगणारी ओळ मात्र अभावानेच कोठे होती. ते ज्यांना जाणून घ्यायचे असेल, त्यांना धोंडीकडेच जावे लागते.

गडांचेही असेच आहे. साठ-सत्तरच्या दशकांत गडावर जाणे हे काही निवडक वेड्यांचे काम होते. वाटा मोडलेल्या, टाकी गाळाने भरलेली, मंदिरांची छपरे उडालेली. ते उजाडपण गोनीदांनी पाहिले, चितारले आणि टिपले. त्यांच्या पुस्तकांनी आणि व्याख्यानांनी दोन पिढ्यांना गडांचे वेड लावले, यात शंका नाही. पण वेड लागले की गर्दीही येते. १९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हा रायगडाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वळले. १९९६ साली तेथे रोपवे झाला. पुढे द्रुतगती महामार्ग आला आणि पुण्या-मुंबईची माणसे दोन तासांत लोहगडाच्या पायथ्याशी पोचू लागली. पावसाळ्यातील रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर आज पाऊल ठेवायला जागा मिळत नाही. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला फोन. बारा चित्रांचा रोल पुरवून वापरण्याचे दिवस गेले. आता बाराशे चित्रे काढली तरी खर्च नाही. मात्र त्या बाराशेंपैकी बहुतेकांत काढणाऱ्याचा स्वतःचा चेहरा पुढे आणि गड मागे असतो. याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. धबधब्यापुढे मंडळींना ओळीने उभे करणारे आजोबा तरी वेगळे काय करीत होते?

गर्दीची किंमत मात्र कधी कधी जीवघेणी असते. तळेगावजवळ इंदोरीच्या बाजूला कुंडमळा येथे इंद्रायणीचे पाणी खडकांच्या रांजणांतून खळाळत जाते. १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत, तेथील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा बळी गेला. या नदीच्या काठाने एके काळी तुकोबा गेले आणि नंतर अनेक वर्षे गोनीदा राहिले. तिच्यात आज कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी मिसळते, आळंदीला पात्रावर पांढरा फेस तरंगताना दिसतो. भामचंद्राच्या पायथ्याशी चाकणच्या औद्योगिक पट्ट्याची पत्र्याची छपरे आली आहेत.

अशा वेळी जुन्या छायाचित्रांचे मोल केवळ आठवणींचे राहत नाही. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी दुर्गरचनेचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा दुर्गांत रायगड, राजगड, शिवनेरी आणि मावळचा लोहगड आहेत. मान मिळाला, त्याबरोबर जबाबदारीही आली. पडलेला तट पुन्हा उभारायचा तर तो मुळात किती उंच होता, चर्या कशा होत्या, दरवाजाच्या कमानीचा कोणता चिरा केव्हा निखळला, हे ठरवायचे कशावरून? बखरी आणि कागदपत्रे गड कोणी घेतला नि कोणी दिला हे सांगतात, बुरुजाच्या चिऱ्यांबद्दल ती सहसा मौन पाळतात. अशा कामाला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे एक साधे कृष्णधवल छायाचित्रही उपयोगी पडते, मग ते कोणा हौशी माणसाने स्वतःच्या आनंदासाठी काढलेले का असेना. दुरुस्तीच्या नावाखाली गडांवर कोठे कोठे नवा दगड आणि सिमेंट कसे चढले, याच्या तक्रारी दुर्गप्रेमी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. असे जुने चित्र हाताशी असले, तर त्या तक्रारीला पुराव्याचा आधार मिळतो. घराघरांतील ट्रंकांत जुन्या गिर्यारोहकांची अशी किती छायाचित्रे पिवळी पडत असतील आणि किती रद्दीत गेली असतील, याचा विचार कोणी तरी करायला हवा. गोनीदांचा संग्रह पुस्तकाच्या रूपाने उरला, कारण त्यांच्या मागे तो जपणारी माणसे होती.

त्यांची कन्या वीणा देव यांनी वडिलांवर ‘आशक मस्त फकीर’ हे पुस्तक लिहिले. त्यांनी पती विजय देव आणि पुढे कन्येसह गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग अनेक वर्षे गावोगाव केले. रंगभूषा नाही, नेपथ्य नाही, नुसते समोर बसून वाचायचे आणि प्रेक्षकांनी मनातल्या मनात डोंगर उभे करायचे, असे त्यांचे स्वरूप होते. नात मृणाल कुलकर्णी अभिनेत्री म्हणून सर्वांना परिचित आहेत. गोनीदांच्या नावाने चालणाऱ्या दुर्गप्रेमी मंडळाने पहिले दुर्गसाहित्य संमेलन २००९ साली भरवले ते थेट राजमाचीवर, बुधाच्या माचीवर. विजय देव २०१९ साली आणि वीणा देव २०२४ साली निवर्तल्या.

गोनीदा गेले १ जून १९९८ रोजी, वयाची ब्याऐंशी वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला असताना. जूनचा पहिला दिवस म्हणजे मावळात पेरणीपूर्वीची लगबग. खाचरांची ढेकळे फुटलेली असतात, घरांवर पेंढा किंवा कौले चढलेली असतात आणि सारे आकाशाकडे डोळे लावून असतात. पवनेच्या जलाशयाची पातळी याच दिवसांत सर्वांत खाली गेलेली असते. पाणी पुरेसे उतरले की एरवी बुडालेले वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर गाळातून वर येते. आसपासच्या गावांतील माणसे चिखलातून वाट काढीत दर्शनाला जातात, कोणी नारळ फोडतो, कोणी फोटो काढतो. मग पाऊस सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत मंदिर पुन्हा पाण्याखाली जाते.